ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी १,८७,४५० रुपये गेले

जूनमध्ये आमच्या कॉलेजात सायबर जागरूकतेची चाचपणी झाली. प्रश्न दहा. 'ओटीपी कुणाला सांगता का?', 'अनोळखी लिंक उघडता का?' सगळ्यांनीच 'नाही'वर खूण केली. मला दहापैकी दहा. प्रशिक्षणाची गरज नाही, असा शेरा पडला. तीन आठवड्यांत माझे १,८७,४५० रुपये गेले.

सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकांच्या नंबरवरून 'आरटीओ चलान' नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये थेट अ‍ॅप बसवणारी फाइल आली. काकांचं व्हॉट्सअ‍ॅप चोरांनी आधीच ताब्यात घेतलं होतं, हे मला कसं कळणार? दोनच दिवसांपूर्वी मी पुण्यात सिग्नलला घाई केली होती. चलान आलंच असणार, असं वाटलं.

फोनने अडवलं होतं हो! धोका आहे, असं स्पष्ट दाखवलं. मी स्वतः सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली. मग अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. दंडाच्या पावतीला माझे मेसेज कशाला हवेत? एवढा एक प्रश्न तेव्हा पडला असता तर! रोज रात्री ते बटण डोळ्यांसमोर येतं. ५०० रुपये दंड भरायला कार्डाचा नंबर टाकला आणि पुढचे ओटीपी परस्पर चोरांकडे गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके उघडू नका, सख्ख्या भावाने पाठवली तरी.

पहाटे ४९,९९९ आणि ९९,५०० गेले. ६.४० ला बँकेला कळवून तक्रार क्रमांक घेतला. ७.०५ ला आणखी ३७,९५१ गेले! ग्राहकाने कळवल्यानंतरचं नुकसान बँकेनं सोसायचं, असं रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं. ते छापून शाखेत नेलं. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, माहिती तुम्हीच दिलीत." ३७,९५१ चं काय, याला उत्तर नाही. पोलीस ठाणं म्हणतं सायबरला जा, सायबरवाले म्हणतात आधी ठाण्यातून पत्र आणा. दोन दिवसांत पाच हेलपाटे, वर एका हवालदाराचं "शिकलेल्या बायकांनाही कळत नाही?" काकांनाही हेच विचारलं असतं का? सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर १९३० चौथ्या वेळी लागला, तोवर पैसे पुढच्या खात्यांत पळाले होते. तुम्ही ठाण्यात जाण्याआधी १९३० लावा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.

प्राचार्यांना लेखी दिलंय: पुढच्या वेळी प्रश्न विचारू नका, अशीच एक निरुपद्रवी फाइल स्टाफला पाठवा आणि किती जण उघडतात ते मोजा. सहा सहकाऱ्यांनी मला हळूच सांगितलं, त्यांनीही उघडली असती.

बँकेला पत्र देऊन २२ दिवस झाले. ३० भरले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार.