गाड्या नसलेल्या रस्त्यांवर ग्रॅव्हल बाईक: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी सायकल काय आहे ते सांगतो. ग्रॅव्हल बाईक म्हणजे रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल (ड्रॉप बार), पण कच्च्या रस्त्यांसाठी रुंद टायर असलेली सायकल. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, शिमानो जीआरएक्सचा (ग्रॅव्हलसाठीच्या गिअर-ब्रेकचा) दहा स्पीडचा संच, पुढे ४६ आणि ३० दात्यांच्या दोन चेनरिंग (पेडलजवळच्या चकत्या), मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट (चाकावरच्या गिअरचकत्यांचा संच), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. नवी आली तेव्हा ४० मिमीचे टायर होते. फ्रेममध्ये जागा ४५ पर्यंत आहे. पेडलसकट वजन ११ किलोच्या आसपास. यात दुर्मीळ असं काही नाही, आणि मला तेच हवं होतं. आडबाजूला बिघाड झाला की कुठेही मिळणारा पार्टच उपयोगी पडतो.

ती चालली कुठे, हे जास्त महत्त्वाचं. मोटारींना फाटक लावून बंद केलेले जंगलातले कच्चे रस्ते, नदीच्या बांधावरची वाट, आणि रूळ काढून मोकळा केलेला जुना रेल्वेमार्ग. डांबर लागलं ते एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यापुरतं. इतक्या महिन्यांनंतर माझं मत असं झालंय की या रस्त्यांवर तुम्ही फ्रेम चालवत नाही, टायर आणि त्यातली हवा चालवता.

याचं कारण जमिनीत आहे. जिथे ट्रक-जीप फिरतात तिथे कोरड्या, सुट्या मुरुमावर आडव्या लाटा पडतात. ठरावीक वेगाच्या पुढे चाक उसळतं, खाली येताना खडी ढकलतं, आणि मागून येणारं प्रत्येक चाक तोच खळगा आणखी खोल करतं. दोन लाटांमध्ये साधारण अर्धा ते एक मीटर अंतर असतं आणि त्यावरून ड्रॉप बार धरून जाताना मनगटं भरून येतात. फाटकाच्या आत या लाटा जवळजवळ नसतात. तिथे अडचण वेगळी: रस्ता दाबला जात नाही. दोन चाकोऱ्यांमधला पट्टा गवताने भरतो, सावलीत शेवाळ धरतं, पानगळीत अख्खा रस्ता झाकला जातो. पानांखाली खड्डा आहे, ओलं मूळ आहे की सपाट जमीन, ते चाक त्यावर जाईपर्यंत कळत नाही. नदीकाठचे गोटे गोल, एकमेकांत न अडकणारे, म्हणून चाकाखालून घरंगळतात. खाणीतून फोडून आणलेली खडी टोकदार असते. बारीक भुकटीसकट दाबली गेली की छान घट्ट बसते, पण टायरची बाजू कापते तीही तीच. एकाच राईडमध्ये हे सगळं पायाखाली येतं.

म्हणून ४० चे टायर लवकरच उतरवले आणि ट्यूबलेस (आत ट्यूबऐवजी छिद्रं बुजवणारा द्रव, म्हणजे सीलंट, असलेले) ४५ लावले. फरक पहिल्याच उतारावर जाणवला. मोठ्या टायरला कमी हवा पुरते, आणि कमी हवेचा टायर खड्याभोवती दबतो. कडक टायर त्याच खड्यावरून सायकल आणि माणूस दोघांनाही वर उचलतो, आणि त्या उचलण्याला लागणारी ताकद तुमच्याच पायांतून जाते. कडक टायर वेगवान भासतो तो त्याच्या थरथरीमुळे. माझं वजन सामानासकट ८० किलोच्या जवळ जातं. पुढे २६ आणि मागे २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इथे माझी हवा स्थिरावली आहे. गोट्यांची वाट जास्त असेल तर आणखी दोनने कमी करतो. दोन पीएसआयचा फरक या रस्त्यांवर स्पष्ट कळतो, म्हणून अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा छोटा डिजिटल गेज घ्याच. या सायकलसाठी केलेल्या सगळ्या खर्चात तो सर्वात सार्थकी लागला.

स्पर्धांचा प्रवाहही याच दिशेने चालला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सासमध्ये २००६ पासून होणारी आणि आता अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने ओळखली जाणारी शर्यत तिथल्या फ्लिंट हिल्समधल्या धारदार चकमकीच्या दगडांसाठी प्रसिद्ध आहे. मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. तिथे वेगासाठी उतरणारे काही स्पर्धक आता माउंटन बाईकचे २.१ आणि २.२ इंची टायर लावतात. वेगवान माणसं रुंद टायरकडे वळत असतील, तर निवांत फिरणाऱ्याने अरुंद टायर धरून बसायचं कारण मला दिसत नाही. नवी फ्रेम घेणाऱ्याने रंग आणि वजन नंतर पाहावं. आधी विचारावं की मागच्या चाकाला कितीचा टायर बसतो. माझ्या फ्रेमबद्दल माझी मोठी तक्रार नेमकी तिथे आहे. ४५ बसतो खरा, पण चेनस्टेजवळ (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्यांजवळ) उरलेल्या फटीत चिकणमाती आणि पाइनच्या सुया मिळून असा गोळा धरतात की चाक फिरेनासं होतं, आणि तेवढ्यात आतल्या बाजूचा रंगही खरवडला जातो. जाड पारदर्शक टेप लावल्यावर रंग वाचला. चिखलाच्या दिवसांत मागे ४० चढवतो.

सीलंटबद्दल एवढंच की ते आत सुकतं. हवामानाप्रमाणे दोन ते सहा महिन्यांत, गरम कोरड्या दिवसांत आणखी लवकर. काट्यांची छिद्रं ते आपोआप बुजवतं आणि कळतही नाही. टायरच्या बाजूचा काप मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा. त्याला प्लग (छिद्रात कोंबायची रबरी पट्टी) लागतो, आणि काप मोठा असेल तर आतून तुकडा लावून ट्यूब घालावी लागते.

गिअरवर मी मनापासून खूश आहे. जुन्या रेल्वेमार्गावर चढ क्वचितच दोन-तीन टक्क्यांपुढे जातो, कारण आगगाडीलाच त्याहून जास्त झेपत नाही. जंगलातले रस्ते असा विचार करत नाहीत. सुट्या खडीवर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागीच घसरतं, म्हणून बसूनच चढावं लागतं, आणि बसून चढायला हलका गिअर हवा. पुढे ३० आणि मागे ३४ दात्यांवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम दोन मीटर पुढे सरकते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी सात किलोमीटर. सामान बांधलेलं असताना हा गिअर रोज लागतो. मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागात) चेन ताणून धरणारा क्लच आहे, त्यामुळे चेन फ्रेमवर आपटत नाही. गाड्यांच्या आवाजात ही गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नसती. इथे पाण्याचा, पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो तो सायकल गप्प असल्यामुळे. एक मात्र पाळा: सायकल गप्प असली की आंधळ्या वळणावर चालणाऱ्याला किंवा जनावराला तुमची चाहूल लागत नाही. घंटी लावा, आणि वळणाच्या आधी वाजवा.

ब्रेक उत्तम, पण ओली बारीक रेती रेझिनचे पॅड झपाट्याने खाते. मेटल पॅड जास्त टिकतात, थोडे ओरडतात. ते घेण्याआधी डिस्कवर काय लिहिलंय ते वाचा, कारण काही डिस्क फक्त रेझिन पॅडसाठी असतात. चेनला ओलं तेल लावलं की धूळ चिकटून त्याची कानसच होते. मेणाचं ल्युब लावायला लागल्यापासून चेन साफ राहते आणि चेन मोजायच्या गेजवर झीजही हळू दिसते.

नदी-ओढे ओलांडण्याची मजा वेगळीच, पण पाणी हबच्या आसाला लागेल इतकं खोल असेल तर मी उतरून सायकल खांद्यावर घेतो. सील धूळ आणि शिंतोडे अडवतात. बुडालेल्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतंच आणि ग्रीस धुतलं जातं. याच कारणाने प्रेशरच्या पाण्याने धुणंही टाळतो, बादली आणि ब्रश पुरतो.

सर्वात जास्त जपावं लागतं ते काडीला. बोटाएवढी वाळलेली फांदी चाकाबरोबर वर येते, स्पोक आणि डिरेलरच्या मध्ये अडकते, आणि पायाचा पुढचा दाब हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा, वाकवतो. काही तुटल्यासारखा कडकड आवाज आला की त्याच क्षणी पेडल थांबवायचं. हँगर मुद्दाम मऊ बनवतात, म्हणजे फ्रेम वाचते. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, आणि ऐनवेळी तो मिळत नाही. सीटखालच्या पिशवीत एक जादा हँगर, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), ट्यूब आणि प्लग कायम असतात. जिथे मोटार येत नाही तिथे मदतही मोटारीने येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते.

वाटा शोधायला ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे ऑफलाइन उतरवून घेतो. त्यात कच्च्या रस्त्यांना ग्रेड १ ते ५ अशी खूण असते: १ म्हणजे घट्ट, जवळजवळ पक्का, ५ म्हणजे मऊ माती आणि गवत. ही सायकल १ ते ३ वर सुखात जाते, ४ कोरडा असेल तर जाते, ५ वर ढकलायची तयारी ठेवा. फाटकाची खूणही नकाशात असते. मात्र सायकल आत नेता येते का, ते फाटकावरच्या पाटीवर वाचायचं आणि पाटी सांगेल ते मानायचं.

तुमच्या वाटांवर मुळं आणि मोठे दगडच जास्त असतील तर ही सायकल घेऊ नका. पुढे सस्पेन्शन असलेली साधी माउंटन बाईक हातांना आणि मनाला जास्त सुख देईल. निम्म्याहून जास्त अंतर डांबराचं असेल तर ३५ च्या टायरची हलकी सायकल पुरे. मधल्या रस्त्यांसाठी, जिथे दिवसभर चाकाखाली मुरूम आणि बाजूला झाडं असतात, तिथे मी आज पुन्हा हीच घेईन, फक्त मागे ५० चा टायर मावेल अशा फ्रेममध्ये.