गाडी झोपत नव्हती: सेदान आणि एसयूव्हीच्या जोडीसोबत ११ महिने

बॅटरी डिकीत आहे आणि डिकी उघडायला बॅटरी लागते. टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी हे कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. चौथ्या महिन्यात पाच दिवस बाहेर राहून घरी आलो, दरवाज्याच्या मुठीला हात लावला आणि गाडी ढिम्म. मग चावीत दडवलेली धातूची पात काढली, ड्रायव्हरचा दरवाजा उघडला, मागची सीट पाडली आणि तोंडात टॉर्च धरून डिकीत सरपटत शिरलो. जंपस्टार्टसाठी, म्हणजे बाहेरच्या बॅटरीची वायर जोडून गाडी सुरू करायला, दोन खुंट बॉनेटखाली, लाल टोपणाच्या आत दिलेले असतात हे नंतर कळलं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये होतं, कंपनीच्या पिशवीचं सीलही न फोडलेलं.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण वॉरंटी अजून शिल्लक आहे आणि तिकडे सध्या माझं नाव फारसं प्रेमाने घेतलं जात नाही. ओळखणारे ओळखतील. माझ्याकडे सेदान आहे, मेहुण्याकडे त्याच कंपनीची एसयूव्ही. दोन्ही एकाच प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे खालचा सांगाडा तोच, दोन्हींत तेच दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, तोच आठ गिअरचा ऑटोमॅटिक. माझी फक्त मागच्या चाकांवर चालते, त्याची चारही. स्पेक्स सगळ्यांना पाठ असतात, ते इथे उतरवून काढत नाही. मेहुण्याची गाडी माझ्यानंतर सहा महिन्यांनी आली. हे सहा महिने लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आधी चालवण्याबद्दल, कारण गाडी घेतली त्यासाठीच. सेदानचं स्टिअरिंग मला अजूनही, ११ महिन्यांनंतर, सकाळी उठल्यावर आठवतं. मनगट हललं की नाक वळतं, मध्ये विचार करायला वेळच नाही. बॅटरी डिकीत टाकलीय ती उगाच नाही. इंजिनाचं ओझं पुढे, मग मागे काहीतरी वजन सरकवून तोल साधायचा असतो. वळणात गाडी एका बिंदूभोवती फिरल्यासारखी वाटते ती याच तोलामुळे. म्हणजे ज्या गोष्टीवर मी लट्टू झालो, तिच्यामुळेच मला डिकीत सरपटावं लागलं. तक्रार कुणाकडे करायची?

एसयूव्हीबद्दल माझं मत मात्र दोनदा बदललं. आधी वाटलं होतं, उंच गाडी म्हणजे आरामशीर गाडी. मेहुण्याची गाडी पहिल्यांदा लांब चालवली आणि मान दुखायला लागली. कारण सरळ आहे. उंच गाडीला वळणात झुकू द्यायचं नसेल तर स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, झुकणं रोखणारा दांडा) कडक करावे लागतात. मग रस्त्याच्या एकाच बाजूला खड्डा आला की अख्खी गाडी डावी-उजवी हिसके देते, आणि उंच बसलेल्या माणसाचं डोकं लंबकासारखं हलतं. सेदान मुळातच जमिनीलगत, तिला इतकं कडक करायची गरज नाही, म्हणून तोच खड्डा ती गिळून टाकते. ‘स्पोर्टी एसयूव्ही’ या शब्दात हा झगडा आधीच भरलेला आहे. मेहुणा म्हणतो, “भाऊजी, सवय होते.” सवय मानेला व्हायला पाहिजे.

इंजिन तेच असलं तरी उंचीमुळे किती फरक पडतो याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला आल्फा रोमिओच्या जोडीत दिसतं. ज्युलिया सेदान आणि स्टेल्व्हिओ एसयूव्ही, दोन्हींची क्वाद्रिफोल्यो ही सगळ्यात दमदार आवृत्ती, दोन्हींत २.९ लिटरचं तेच व्ही-सिक्स. न्युर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या रेस ट्रॅकवर ज्युलियाने २०१६ मध्ये ७ मिनिटं ३२ सेकंदांत फेरी मारली. स्टेल्व्हिओला २०१७ मध्ये ७ मिनिटं ५१.७ सेकंद लागले, तेही ताकद चारही चाकांना जात असताना. एसयूव्ही म्हणून तो आकडा जबरदस्तच आहे, पण जवळपास २० सेकंद गेले ना. आमच्या गाड्या त्या तोलामोलाच्या नाहीत आणि आम्ही ट्रॅकवरही जात नाही. आमचे २० सेकंद पेट्रोलमधून वसूल होतात. हायवेवर एकाच वेगाला माझी १४ च्या आसपास देते, त्याची साडेअकरा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि एसयूव्हीचं कपाट हवेत जास्त जागा अडवतं, हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि विषय बदलला.

दुसऱ्यांदा मत बदललं ते आईमुळे. तिचे गुडघे. सेदानमध्ये तिला आधी बसावं लागतं, मग पाय आत घ्यावे लागतात, उतरताना कुणाचा तरी हात लागतो. एसयूव्हीत ती नुसती वळते आणि बसते. शिवाय माझ्या गाडीत स्टेपनीच नाही. रनफ्लॅट टायर आहेत, हवा पूर्ण गेली तरी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, त्यानंतर मात्र नशीब. मेहुण्याच्या गाडीत निदान बारीक का होईना, पाचवं चाक आहे. तेव्हा मानेचं म्हणणं मी थोडं मागे घेतो. थोडंच.

आता मूळ दुखण्याकडे. तिसऱ्या महिन्यात स्टार्ट-स्टॉप बंद पडलं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं ना, ते. मला ते मनापासून आवडत नाही, दर वेळी गाडीत बसल्यावर बटण दाबून बंद करायचो. एक दिवस ते स्वतःहूनच काम करेनासं झालं आणि मला इतका आनंद झाला की मी मेहुण्याला फोन करून सांगितलं. मूर्खपणा! बॅटरीत पुरेसा चार्ज नसला की गाडी सगळ्यात आधी स्टार्ट-स्टॉपच बंद करते, कारण पुन्हा इंजिन सुरू करायची खात्री तिला उरलेली नसते. महिनाभर गाडी मला सांगत होती आणि मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

पहिल्यांदा बॅटरी बसली तेव्हा सर्व्हिस सेंटरने गाडी तीन दिवस ठेवून घेतली. जॉब कार्डवर शेरा: दोष आढळला नाही. गाडी बंद केल्यावर २२ मिलिअँपिअर ओढते, ५० पर्यंत चालतं, सर. सर, आपलं रनिंग कमी असेल. रनिंग कमी! गाडी घेतल्यापासून मी भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्याने जातो. वर ‘डायग्नोसिस चार्जेस’ लावले. दोष सापडला नाही तर तो शोधण्याचे पैसे माझ्याकडून, आणि सापडला असता तर वॉरंटीत फुकट. या हिशोबावर मी काउंटरवर पाऊण तास वाद घातला. शेवटी निम्मे कमी झाले. उरलेल्या निम्म्यांवरून मी अजून चिडलेलो आहे हे प्रामाणिकपणे सांगतो, पुढचं वाचताना तेवढं वजा करा.

दीड महिन्याने पुन्हा तेच. या वेळी फक्त तीन दिवस उभी होती. परत जॉब कार्ड, परत २२ मिलिअँपिअर, पण मी हटून बसलो म्हणून बॅटरी वॉरंटीत बदलून दिली. नवी बॅटरी बसवल्यावर कॉम्प्युटर लावून गाडीला तसं कळवावं लागतं, नाहीतर ती जुनीच समजून चार्ज करत राहते. ते त्यांनी नीट केलं. त्यानंतर अडीच महिने सुखात गेले. स्टार्ट-स्टॉपसुद्धा परत आलं आणि मी परत बटण दाबायला लागलो. तेव्हाच हा अनुभव लिहायला घेतला होता. त्या मसुद्यात ‘बॅटरीचा लॉट खराब होता, कंपनीने शेवटी शब्द पाळला’ असं वाक्य होतं. ते काढून टाकलंय.

झालं असं की आठव्या महिन्यात बायकोने डिकीतून काहीतरी काढायला दुसरी चावी नेली, आणि ती चालेना. चावीतला सेल संपलेला. नाण्यासारखा सीआर२०३२ असतो तो. मी त्याच संध्याकाळी नवा घातला आणि चावी परत खुंटीला अडकवली. चार दिवसांत स्टार्ट-स्टॉप गायब. पुढच्या आठवड्यात गाडी ठार.

यावेळी सर्व्हिसला फोन केला नाही. मित्राकडून डीसी क्लॅम्प मीटर मागून आणला, वायरीला चिमट्यासारखा लावला की तिच्यातून किती वीज जाते ते दाखवतो. (विकत घ्यायचा नाही, वर्षातून एकदा लागतो.) बॅटरी चार्ज केली, डिकी उघडी ठेवून तिचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने मिटवलं म्हणजे गाडीला डिकी बंद वाटते, निगेटिव्ह वायरभोवती क्लॅम्प लावला, गाडी लॉक केली आणि स्टूल घेऊन बसलो. आधुनिक गाडी लॉक केल्याबरोबर झोपत नाही, आतला एकेक छोटा कॉम्प्युटर (मॉड्यूल) विझायला २०-३० मिनिटं लागू शकतात. अर्ध्या तासाने आकडा २५ मिलिअँपिअरवर आला. म्हटलं, सर्व्हिसवाले खरं बोलत होते. तेवढ्यात आकडा उडी मारून अडीच अँपिअरवर गेला, काही सेकंद थांबला, हळूहळू खाली आला. दोन मिनिटांनी परत उडी. रात्रभर हेच चालत असणार. सरासरी काढली तर अर्धा अँपिअर.

हिशोब करून पाहा. बॅटरी ७० अँपिअर-अवरची. हल्लीच्या गाड्या ब्रेक लावताना मिळणारी वीज साठवायला जागा राहावी म्हणून ती मुद्दाम साधारण ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. म्हणजे हातात ५६. तासाला अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला १२. पाच दिवसांत ६०. पाच दिवस बाहेर राहून घरी आलो होतो तो दिवस मला तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या आठवला.

खुंटी ज्या भिंतीवर आहे त्या भिंतीच्या पलीकडे गाडीचा डावा दरवाजा येतो. चावी जवळ आली की गाडी ओळखते, दिवे लावून स्वागत करते. शोरूममध्ये याच स्वागताचं केवढं कौतुक सांगितलं होतं. भिंतीआडून सिग्नल धड पोचत नव्हता आणि धड तुटतही नव्हता. गाडीला दर दोन मिनिटांनी वाटायचं, मालक आले. उठायची, बघायची, कुणी नाही, परत आडवी व्हायची. त्यात चावीचा सेलही झिजला. तो मेला आणि गाडीला अडीच महिने शांत झोप लागली; श्रेय मात्र नव्या बॅटरीने घेतलं. सर्व्हिस सेंटरला मी दर वेळी एकच चावी देत होतो, दुसरी घरी खुंटीवर. तिथे २२ मिलिअँपिअरच दिसणार, दुसरं काय दिसणार!

चावी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन परत मोजलं. २५. तासभर २५.

मग मॅन्युअलची पिशवी फोडली. चावी गाडीजवळ ठेवू नये असं त्यात आहे, एका छोट्या चौकटीत, चावी पाण्यात पडू देऊ नये या सूचनेच्या खाली. म्हणजे निम्मी चूक माझी. निम्मीच, कारण मेहुण्याची चावी मी त्याच खुंटीला अडकवून, त्याची एसयूव्ही त्याच जागी लावून पाहिली. दोन-तीनदा आकडा उडाला आणि मग गप्प, २८ वर. त्याच्या चावीत हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. चावी काही वेळ हलली नाही की स्वतःच बंद होते. ही सोय मुळात चोरांसाठी, म्हणजे चावीचा सिग्नल लांबवून गाडी पळवणाऱ्यांविरुद्ध आहे, पण बॅटरीही वाचते. सहा महिन्यांच्या फरकात त्याला ती मिळाली, मला नाही. नखाएवढा तुकडा! कंपनीने इंजिनावर, सस्पेन्शनवर हात सैल सोडला आणि चावीत काटकसर केली. माझ्यासारख्या माणसाने काटकसरीला नावं ठेवू नयेत, तरी ठेवतो.

दरम्यान सेटिंगमध्ये शोधून ते स्वागत बंद करून टाकलंय. आता चावी खुंटीवर असली तरी आकडा उडत नाही, पण धोका नको म्हणून दुसरी चावी पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, आतल्या खोलीत.

सर्व्हिस ॲडव्हायझरला सगळं मीटरच्या फोटोंसकट दाखवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, हे आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं.” इतक्या महिन्यांत त्याचं हे पहिलंच वाक्य मला पटलं. नवी चावी माझ्या गाडीला चालेल का, हे चॅसिस नंबर पाठवून विचारावं लागतं म्हणे. पाठवलाय. चालली तर पैसे कोण देणार यावर पुढची बैठक आहे, आणि डायग्नोसिसच्या उरलेल्या निम्म्या पैशांचा विषय मी त्याच बैठकीत काढणार आहे.

क्लॅम्प मीटर अजून परत केलेला नाही. आज सकाळी गाडी तीन दिवस उभी राहून १२.६ व्होल्ट दाखवत होती.