साइट ग्लास: कॉलमच्या तळाशी की माथ्याशी?

घरगुती ऊर्ध्वपातनाच्या कॉलमला (अल्कोहोलची वाफ जिच्यातून वर चढते त्या उभ्या नळीला) एकच साइट ग्लास, म्हणजे आतलं दिसण्यासाठीची काचेची खिडकी, लावायचा असेल, तर मी तो तळाशी, बॉयलरच्या लगेच वर लावेन. उकळताना फेस चढू लागला की तो आधी इथेच दिसतो आणि आच कमी करायला वेळ मिळतो. पॅकिंगमधून (कॉलममध्ये भरलेल्या जाळीतून किंवा कड्यांमधून) खाली परतणारा द्रवही इथून दिसतो. आच तीच असताना ही धार अचानक आटली, तर वर कॉलम तुंबतोय असं समजावं.

माथ्याशी, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरखाली लावलेली काच रिफ्लक्स (थंड होऊन पुन्हा खाली येणारा द्रव) किती पडतोय आणि पॅकिंगच्या मधोमध पडतोय की भिंतीवरून ओघळतोय, हे दाखवते. शुद्धतेचा ध्यास असणाऱ्यांना त्याचं मोल मोठं. पण फेस तिथे दिसेपर्यंत सगळं पॅकिंग बरबटलेलं असतं. (पॅकिंगऐवजी आडव्या प्लेट असलेल्या कॉलमचं गणित वेगळं, तिथे शक्य असेल तर प्रत्येक प्लेटवर काच हवी.)

जागा कोणतीही असो, काच बोरोसिलिकेटचीच घ्या; उष्णतेने ती साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते. गॅस्केट पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) हवं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. ताण एकाच बाजूला आला तर चांगली काचही तडकते, आणि बाहेर पडणारी अल्कोहोलची वाफ पेट घेऊ शकते.