नव्या नर्ससाठी काय हवं: शिफ्टमधली प्रीसेप्टर की बाहेरची मेंटॉर?

नुकत्याच पास झालेल्या नर्स वॉर्डात रुजू होतात तेव्हा आधाराच्या दोन वाटा असतात. एक, त्याच शिफ्टला सोबत काम करणारी प्रीसेप्टर. दुसरी, वॉर्डबाहेरची, अधूनमधून निवांत भेटणारी मेंटॉर. एकच परवडत असेल, तर माझं मत प्रीसेप्टरला.

कारण पेशंटच्या खाटेपाशी दिसतं. समजा, श्वसनदर १८ वरून २६ झालाय, पण बीपी आणि नाडी ठीक आहे. पेशंट बरा दिसतोय म्हणून नवी नर्स आकडा चार्टवर लिहून पुढे निघते. प्रीसेप्टर तिला थांबवते: ‘पूर्ण मिनिटभर पुन्हा मोज, ऑक्सिजन सॅच्युरेशन बघ आणि डॉक्टरांना फोन तूच कर, मी इथेच आहे.’ पेशंटची तब्येत बिघडतेय का हे गुणांवरून ओळखणाऱ्या न्यूज-२ स्कोअरमध्ये मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त श्वसनदराला एकट्यालाच ३ गुण आहेत, म्हणजे पेशंटला तातडीनं बघायला हवं. हे पाठ असतंच हो, पण फोन उचलायचा धीर तिथंच येतो. पंधरा दिवसांनी गप्पांत मेंटॉर तो धीर कसा देणार?

मेंटॉरची गरज वेगळी. शिकलेली नर्सिंग आणि प्रत्यक्ष वॉर्ड यांतल्या दरीचा धक्का नर्सिंगच्या अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच मांडला. ड्युटीनंतर झोप लागत नाही, नोकरी सोडावीशी वाटते, हे प्रीसेप्टरला सांगवत नाही, कारण बहुतेकदा नव्या नर्सला काय काय जमतं त्या कौशल्यांच्या यादीवर सही प्रीसेप्टरचीच असते. म्हणून मेंटॉरच्या हाती मूल्यमापन अजिबात देऊ नका.

प्रीसेप्टर सगळ्यांत सीनियरच हवी असंही नाही. नर्स नवशिकीपासून तज्ज्ञ कशी होत जाते, याच्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांच्या १९८४ च्या मांडणीत दोन-तीन वर्षं एकाच प्रकारचं काम केलेली नर्स ‘सक्षम’ टप्प्यावर असते. ती अजून पायरीपायरीनं विचार करते, त्यामुळे तो विचार बोलून दाखवू शकते. तज्ज्ञ सिस्टरला नजरेनंच कळतं, पण ते समजावणं तिला अवघड जातं.

खर्च पैशांपेक्षा वेळेचा आहे. प्रीसेप्टरकडे नेहमीइतकेच पेशंट ठेवले, तर ती नावापुरतीच उरते. त्यामुळे आधी ड्युटी लिस्ट उघडा. सुरुवातीचे काही आठवडे, आणि पहिल्या नाइट ड्युटीलाही, दोघी एकाच शिफ्टला आहेत का? नसतील तर मेंटॉर शोधण्याआधी ती लिस्ट बदला.