बॅकअप कशात: पोर्टेबल हार्ड डिस्क की क्लाउड?

लग्नाचे फोटो आणि घराची कागदपत्रं मिळून ५०० जीबी, ठेवू कुठे, असं ताईने विचारलं.

खर्च: डिस्कचे पैसे एकदाच. क्लाउड म्हणजे इंटरनेटवर भाड्याने मिळणारी जागा; तिथे गूगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह, फोटोज मिळून असतात. पुढे भाडं चालूच.

परत मिळवणं: डिस्कवरून काही तासांत. क्लाउडवरून २० एमबीपीएस इंटरनेटच्या वेगाने ५०० जीबी उतरवायला दोन दिवसांहून जास्त.

धोका: इथे नीट विचार कर. डिस्क पडते, चोरीला जाते. कायम जोडलेली असेल तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही कुलूप लावतं. सिंक केलेल्या, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या फोल्डरमधली फाइल उडवली की क्लाउडवरूनही जाते, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते.

फोटोंच्या ढिगाला डिस्क, काम झालं की काढून ठेवायची. रोज बदलणाऱ्या, थोड्या कागदपत्रांना क्लाउड.