गरम झाली की बंद पडणारी गाडी आणि न बदललेला पंप

बाबांची गाडी सतरा वर्षांची आहे. पेट्रोलवर चालणारं साधं चार सिलिंडरचं इंजिन, इंजेक्शनवालं. बाबांनी पहिल्या दिवसापासून वहीत तिची नोंद ठेवली: किती किलोमीटरला ऑइल बदललं, कुठला पट्टा कधी टाकला, बॅटरी कधीची. त्यांचं गाडी चालवणं थांबलं तेव्हा गाडी माझ्याकडे आली, वहीसकट. ती वही हाताशी असूनही मी चार महिने फसत राहिले. दुसऱ्या कुणावर ही पाळी येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुखणं असं होतं. थंड गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची. वीस-पंचवीस मिनिटं चालली, टेंपरेचरचा काटा मध्यावर स्थिरावला, की अचानक इंजिन बंद. आधी धक्के नाहीत, मिसिंग नाही, कुणी चावी फिरवावी तसं बंद. मग कितीही सेल्फ मारला तरी इंजिन नुसतं फिरायचं, पेट घ्यायचं नाही. पाऊण तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू.

ज्याला लुबाडायचं आहे त्याच्यासाठी याहून सोयीचा बिघाड नाही. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ठणठणीत असते. थंड झाल्यावर ती आपोआप सुरू होणारच असते, त्यामुळे काहीही बदललं तरी पुढचे काही दिवस चालते आणि आपल्याला वाटतं, नव्या भागानं गुण आला. आठवड्यानं पुन्हा बंद पडली की तोच माणूस म्हणतो, ‘ताई, ते काम झालं होतं, आता हे दुसरं निघालं. जुनी गाडी आहे, एकामागून एक निघणारच.’ मला हे पटत गेलं, कारण गाडी खरोखरच जुनी होती.

पहिल्या दिवशी गॅरेजवाल्यानं स्कॅनर, म्हणजे गाडीनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला. मी शेजारीच उभी होते. पडद्यावर काहीतरी उमटलं, भावाला पाठवायचं म्हणून मी फोटो काढला. ‘जुने कोड असतात, काढून टाकतो,’ म्हणत त्यानं ते पुसले आणि सांगितलं, टाकीतला फ्युएल पंप गरम झाला की दम सोडतोय. ‘ऐका ना, सेल्फ मारताना मागून पंपाचा आवाज येतोय का?’ पुढे गाडी बंद पडली तेव्हा मी कान देऊन ऐकलं. आवाज खरंच नव्हता. मी पंप बदलायला होकार दिला.

त्यानंतर प्लग. मग इंजेक्टर सफाई. मग ईसीएम (इंजिनाचा कारभार बघणारा कॉम्प्युटर) काढून दुरुस्तीला पाठवला असं सांगून गाडी चार दिवस अडकवून ठेवली. प्रत्येक वेळी बिल आलं. जुना भाग एकदाही परत मिळाला नाही आणि मीही मागितला नाही.

चौथ्या महिन्यात त्यानं शेवटचं सांगितलं: ‘इंजिन संपलंय. रिंग-पिस्टन, बोअर, पूर्ण काम.’ त्याचा पुरावा म्हणून त्यानं दोन गोष्टी दाखवल्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, आतून वाफ आली. मग एक प्लग काढून तिथे कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा, गेज लावला आणि सेल्फ मारला; काटा ९५ पीएसआयवर (दाबाचं एकक) थांबला. दुसऱ्या सिलिंडरलाही तसंच. निरोगी पेट्रोल इंजिनात हा आकडा साधारण १५०च्या पुढे असतो हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी हादरलेच. आगाऊ रक्कम दिली. बाबांना फोन करून सांगताना माझा आवाज लागत नव्हता. ते एवढंच म्हणाले, ‘ऑइल कमी होत नाही, धूर सोडत नाही, मग रिंग कशा जातील? खोलू देऊ नकोस.’

त्यांच्या ओळखीचे एक वायरिंगवाले काका होते. आयुष्यभर गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं केलेले. मी गाडी उचलून त्यांच्याकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. ‘बंद पडेपर्यंत फिरवू,’ म्हणाले. अर्ध्या तासानं ती बंद पडली, तेव्हा मला सेल्फ मारायला सांगून ते मीटरकडे बघत बसले. आरपीएमचा काटा शून्यावरून हललाच नाही. मग त्यांनी चावी बंद केली, पुन्हा नुसती ऑन केली आणि मागच्या सीटकडे बोट दाखवलं. दोनेक सेकंद घुंऽऽ असा आवाज आला आणि थांबला.

‘पंप जिवंत आहे,’ ते म्हणाले.

हे मी त्यांच्याकडून तीनदा समजून घेतलं. चावी ऑन केली की ईसीएम पंपाला दोन सेकंद चालवतो. त्यापुढे पंप चालू ठेवायचा तर इंजिन फिरतंय ही खबर त्याला हवी असते, आणि ती क्रँकशाफ्टजवळचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याजवळचा) सेन्सर देतो. तो गप्प झाला की ईसीएमच्या दृष्टीनं इंजिन उभंच आहे. मग ठिणगी बंद, इंजेक्टर बंद, पंपही बंद. म्हणून सेल्फ मारताना पंपाचा आवाज नव्हता. पंपावर आळ घेणारी ती खूण खरी होती, पण दोष पंपाचा नव्हता. आरपीएमचा काटाही बहुतेक गाड्यांत याच सेन्सरच्या खबरीवर चालतो.

काकांनी बाटलीभर थंड पाणी घेतलं आणि खाली वाकून फ्लायव्हीलच्या घराजवळ बसवलेल्या सेन्सरवर हळूहळू ओतलं. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. पाऊण तास थांबावं लागलं नाही. घरी आल्यावर त्यांनी सेन्सर काढून मल्टिमीटर लावला: थंड असताना ८६० ओहम. केस वाळवायच्या यंत्रानं गरम केला आणि काटेकोर सांगायचं तर चार मिनिटांनी मीटरवर रीडिंगच गेलं. आतली बारीक तार उष्णतेनं ताणली जाऊन तुटत होती, थंड झाली की पुन्हा टेकत होती. (ही ओहमची तपासणी दोन तारांच्या सेन्सरसाठी. तीन तारांचा, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला हॉल सेन्सर असेल तर अशी करू नये.)

त्या रात्री मी पहिल्या दिवशीचा फोटो शोधला. मोठा करून पाहिला: पी०३३५. पी-शून्यानं सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात, आणि हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आहे. सर्किट म्हणजे वायर किंवा कनेक्टरही असू शकतो, त्यामुळे नुसत्या कोडवर भाग बदलणंही चूकच. पण कुठे बघायचं ते पहिल्या दिवशी पडद्यावर लिहिलेलं होतं, आणि त्यानं ते वाचून पुसलं.

तरी मी स्वतःला समजावत होते की माणूस चुकला असेल. दुसऱ्या दिवशी काकांनी मागचं सीट उचललं. पंपाच्या झाकणावर सतरा वर्षांची धूळ पापुद्र्यासारखी बसलेली, स्क्रूंच्या खाचांत माती, कुठेही पान्याचा ओरखडा नाही. बिलात ‘नवीन पंप’ होता. प्लग काढले तर इलेक्ट्रोड झिजून गोल झालेले. ईसीएमवरचं कंपनीचं सील जसंच्या तसं. माझ्या पोटात गोळा आला. पैशांपेक्षा जास्त, मी त्याला दर वेळी मनापासून ‘धन्यवाद दादा’ म्हणत आले होते, ते लागलं.

कॉम्प्रेशनही काकांनी नीट मोजलं. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, चारही प्लग बाहेर, ठिणगी आणि इंधन तोडलेलं, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. १६५, १६०, १६५, १५५. त्यानं एकच प्लग काढला होता आणि ॲक्सिलरेटर दाबलाच नव्हता. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरनं उघडणारी हवेची झडप) बंद असेल तर सिलिंडरला हवाच पुरत नाही, आकडा पडणारच. आणि ऑइलच्या झाकणातून थोडी वाफ तर कुठल्याही चाललेल्या इंजिनातून येते. कुणी तुमच्यासमोर असा गेज लावला तर पाय कुठे आहे ते बघा, आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा.

नवा सेन्सर अर्ध्या तासात बसला. आधीच्या चार बिलांपैकी सगळ्यात लहान बिलापेक्षाही तो स्वस्त पडला. गाडी तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही. वहीत किलोमीटरसकट नोंद केली आहे.

झाकणाचे, प्लगचे आणि स्कॅनरचे फोटो घेऊन मी त्या गॅरेजला गेले. आधी तो म्हणाला, ‘पोरानं बसवला असेल, मी त्याला विचारून सांगतो.’ मी लेखी तक्रार पुढे ठेवल्यावर त्यानं पंपाचे आणि प्लगचे पैसे परत केले. इंजिनाची आगाऊ रक्कम मात्र अजून मिळालेली नाही. त्या पावतीवर ‘आगाऊ’ हा शब्दच नव्हता. ‘तपासणी व खोलाई, पूर्ण’ असं लिहिलं होतं, आणि खाली माझी सही होती.