सिनेमे पण बघता येतील म्हणून सेकंडहँड प्लेस्टेशन घेतला आणि १४ हजार गेले, कृपया वाचा

काल रात्री जेवणं आवरून मोबाईल घेऊन बसले आणि जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर परत तोच फोटो दिसला. नाव वेगळं, एरिया वेगळा, किंमत दीड हजाराने कमी, पण फोटो तोच. टीव्हीच्या मागे मोरांचं डिझाईन असलेला निळा पडदा आणि प्लेस्टेशनच्या वरच्या चकचकीत भागावर डाव्या कोपऱ्यात नखाएवढा ओरखडा. तो ओरखडा मी कुठेही ओळखेन, कारण ते मशीन गेला दीड महिना आमच्या घरात शोकेसच्या खालच्या कप्प्यात पडून आहे. म्हणजे जे मला विकून झालंय त्याचेच फोटो टाकून हा माणूस अजून लोकांना बोलावतोय. इतके दिवस लिहू की नको चाललं होतं, घरच्यांचं म्हणणं जाऊ दे आता, पण काल ते बघितल्यावर राहवलं नाही.

आधी हे सांगते की आम्ही गेम खेळणारे लोक नाही. बाबांचं वय ७३, त्यांच्याकडे दोनेकशे डिस्क आहेत. नाटकांच्या व्हीसीडी, जुन्या हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी, अमेरिकेतल्या भावाने वेळोवेळी पाठवलेल्या दहा-बारा ब्लू-रे (डीव्हीडीसारख्याच, पण जास्त स्वच्छ चित्राच्या डिस्क), आणि माझ्या लग्नाची डीव्हीडी. आई जाऊन चार वर्षं झाली, आणि आई चालताबोलताना दिसते असं शूटिंग आमच्याकडे तेवढं एकच आहे. दिवाळीनंतर डीव्हीडी प्लेअरचा ट्रे अडकला तो कायमचा, आणि नवीन प्लेअर घ्यायला गेलो तर दोन दुकानांत सांगितलं की ताई आता हे कोणी ठेवत नाही. ब्लू-रेचं तर नावच नको, सॅमसंगसारख्या कंपनीने २०१९ मध्येच त्यातून अंग काढून घेतलं.

मग बारावीतला भाचा म्हणाला, मावशी सेकंडहँड पीएस४ म्हणजे प्लेस्टेशन ४ घे, आजोबांना सिनेमे आणि मला गेम. त्याचं काही चुकलं नव्हतं हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर पोराने फार मनाला लावून घेतलं. हे गेमचे कन्सोल बऱ्याच वर्षांपासून सिनेमाचे प्लेअरही आहेतच. २००० साली प्लेस्टेशन २ आला तेव्हा त्यात डीव्हीडी चालायची म्हणून बाहेरच्या देशांत कित्येक घरांत तोच पहिला डीव्हीडी प्लेअर होता, २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे आलं, आणि २०१३ चा पीएस४ डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही चालवतो. कल्पना चांगलीच होती. माणूस वाईट भेटला.

जाहिरातीत लिहिलेलं, पीएस४, बिल बॉक्ससकट, दोन कंट्रोलर, ४० गेम फ्री, व्हीसीडी डीव्हीडी ब्लू-रे ४के सगळं चालतं, ऑल रिजन, साडेसोळा हजार. फोनवर इतकं गोड बोलणं, ताई ताई करून, वडिलांसाठी घेताय म्हणून तुम्हाला १४ ला देतो म्हणाला, फक्त हजार रुपये टोकन टाका कारण अजून दोघं येणार आहेत. टाकले. शनिवारी संध्याकाळी मी आणि मिस्टर वाकडच्या पुढे एका सोसायटीत त्याच्या फ्लॅटवर गेलो. फ्लॅटमध्ये गादी, टीव्ही आणि तो पडदा, बाकी काहीच सामान नाही, तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मशीन चालूच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. त्याने फुटबॉलची गेम लावून दाखवली, छान चालली. मग मी म्हणलं, सिनेमा दाखवा, आम्हाला त्यासाठीच हवंय. त्याने एक ब्लू-रे काढली, माझ्या हातात दिली, बघा ओरिजिनल आहे म्हणाला, मग मशीनला लावली, ती सर्रकन आत ओढली गेली, आतून घुर्र असा आवाज आला, आणि कंट्रोलरवर त्याने भराभर काहीतरी दाबलं आणि सिनेमा सुरू झाला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मी तर खूशच झाले. पुढच्या बाजूला जी आडवी खाच असते तिच्यात एक बोटाच्या पेराएवढा छोटासा पेन ड्राइव्ह होता, तो काय आहे विचारलं तर म्हणाला गेमचा बॅकअप आहे, माझा पर्सनल आहे. निघताना तो काढून त्याने खिशात टाकला.

तो सिनेमा डिस्कवरून चाललाच नव्हता. पेन ड्राइव्हवरून चालला होता. डिस्क आत जाऊन नुसती फिरत होती. हे आम्हाला नंतर कळलं, पण खूण तेव्हाही डोळ्यासमोरच होती. ब्लू-रे किंवा डीव्हीडी लावली की आधी कॉपीराइटची सूचना, मग मेनू येतो, प्ले, सीन, भाषा वगैरे. इथे एकदम सिनेमाच सुरू झाला होता. वीस वर्षं डिस्क लावणारी बाई मी, मला हे कळायला हवं होतं, पण समोरचा माणूस सतत बोलत असतो, पाणी देतो, कॉफी करू का विचारतो, आपलं लक्ष राहत नाही.

१३ हजार यूपीआयने दिले. पैसे जाताना स्क्रीनवर जे नाव आलं ते त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं, विचारलं तर म्हणाला बायकोचं खातं आहे. बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला आणि पाठवला पण लगेच.

घरी आणून जोडलं, बाबा चष्मा पुसून सोफ्यावर येऊन बसले होते. चाळीसच्या चाळीस गेमवर कुलपाचं चिन्ह, एकही उघडेना. म्हणलं ठीक आहे, गेमचं नंतर बघू, आधी लग्नाची डीव्हीडी लावली. तर स्क्रीनवर मेसेज, डिस्क बघायची सोय आधी इंटरनेटवरून चालू करून घ्या. हे खरंच असतं, पीएस४ वर पहिल्यांदा डीव्हीडी किंवा ब्लू-रे बघायची तर एकदा नेटला जोडून ते चालू करावं लागतं, पुढे लागत नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, ताई नेटला जोडा, अपडेट मारा, सगळं सुरू होईल. आम्ही जोडणारच होतो, तेवढ्यात भाचा आला आणि म्हणाला मावशी थांब, काहीतरी गडबड आहे. त्याने मित्राकडून पीएस४ च्या गेमची ओरिजिनल डिस्क आणली, कारण गेमच्या डिस्कला असं काही चालू करून घ्यावं लागत नाही, ती लावली की ओळखायला पाहिजे. मशीनने ओळखलीच नाही. दुसरी आणली, तीही नाही. बाबा काही बोलले नाहीत, डीव्हीडी परत कव्हरमध्ये घालून आत जाऊन झोपले.

सोमवारी रिपेअरिंगवाल्याकडे नेलं. त्याने मशीन उलटं केलं आणि उघडायच्या आधीच सांगितलं की हे आधी उघडलेलं आहे, मागच्या स्क्रूंवर कंपनीचं सील असतं ते गायब आहे. उघडल्यावर आमच्यासमोर टॉर्च मारून दाखवलं, आत डिस्क ड्राइव्हला एक छोटा हिरवा बोर्ड असतो, आणि सुरुवातीच्या मोठ्या पीएस४ मध्ये तो बोर्ड त्या त्या मशीनच्या मदरबोर्डशी पेअर केलेला असतो. दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह बोर्डासकट आणून बसवला तर डिस्क आत घेतो, बाहेर टाकतो, फिरवतो, पण वाचत नाही. आमच्यात तेच केलेलं. मूळ बोर्ड मिळाला तरच दुरुस्त होईल, आणि तो कुठल्या भंगारात गेला देवाला माहीत. गेमचं पण त्यानेच सांगितलं. मशीन जेलब्रेक केलेलं, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर फोडून चोरीच्या गेम भरलेल्या. ते फोडणं मशीन बंद केलं की जातं, दरवेळी चालू केल्यावर परत करावं लागतं, म्हणून गेमना कुलपं. आणि म्हणूनच आम्ही गेलो तेव्हा मशीन आधीपासून चालू होतं!! त्याने सांगितलं तसं अपडेट केलं असतं तर उलट त्याचंच काम झालं असतं, मग म्हणाला असता तुम्हीच बिघडवलं.

बिलावरचा सीरियल नंबर आणि मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर जुळत नव्हता. हे आम्ही त्याच्या घरी उभ्या उभ्या एका मिनिटात बघू शकलो असतो.

आणि जाहिरातीतली बाकीची वाक्यंसुद्धा खोटीच होती हे नंतर शोधल्यावर कळलं. पीएस४ सीडी वाचतच नाही, त्यामुळे व्हीसीडी अगदी नव्याकोऱ्या मशीनवरही चालली नसती, बाबांची निम्मी नाटकं तिथेच बाद. ४के ब्लू-रे कुठल्याच पीएस४ वर चालत नाही, पीएस४ प्रो वरही नाही, त्याला डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ किंवा एक्सबॉक्स या दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलमधले डिस्क ड्राइव्हवाले वन एस, वन एक्स, सिरीज एक्स हे लागतात. ऑल रिजन म्हणाला ते गेमच्या बाबतीत खरं आहे पण सिनेमाच्या नाही, ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे तीन रिजन म्हणजे भाग केलेले असतात, अमेरिका ए मध्ये आणि आपण सी मध्ये, त्यामुळे भावाने पाठवलेल्यातल्या ज्यांच्यावर फक्त ए आहे त्या इथल्या मशीनवर अडणारच. आणि ज्यांना सिनेमासाठी नवीन घ्यायचंय त्यांनी हेही बघा, पीएस५ च्या डिजिटल एडिशनमध्ये आणि एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये डिस्क ड्राइव्हच नसतो, आणि काहीजण सेकंडहँडमध्ये हे न सांगता विकतात.

तुम्ही जुना पीएस४ बघायला जाणार असाल तर स्वतःच्या घरातली एक सिनेमाची आणि एक गेमची डिस्क घेऊन जा, त्याची लावू देऊ नका. पुढच्या मागच्या सगळ्या यूएसबीच्या जागा रिकाम्या करायला सांगा. मशीन पूर्ण बंद करून, वायर काढून, परत लावून चालू करायला लावा, आणि तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन नेटला जोडून दाखवायला सांगा. जो खरा आहे तो हे सगळं करेल. आमच्यावेळी मी नुसतं बंद करून चालू करा म्हणलं असतं तरी तिथेच सगळं उघडं पडलं असतं.

मंगळवारपासून त्याचा फोन बंद. फ्लॅटवर गेलो तर वॉचमन म्हणाला तो फ्लॅट रोजच्या भाड्याने जातो, कोण येतं कोण जातं आम्हाला माहिती नसतं. मग कुठे आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तोवर पाच दिवस झालेले. इथे आमचं चुकलं. पैसे गेल्यावर लगेच, त्याच तासात त्या नंबरला कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते, आम्ही आधी त्याच्या मागे, मग रिपेअरिंगवाल्याच्या मागे फिरत बसलो. चौकीत अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, ज्याला आपण इतकी वर्षं चारशेवीस म्हणायचो ते. व्हॉट्सॲपचं सगळं बोलणं, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती जोडली. जाहिरात त्याने रविवारीच काढून टाकली होती पण मी टोकन देताना फोटो काढून ठेवलेला, तेवढं एक बरं झालं.

लग्नाची डीव्हीडी शेवटी शेजारच्या काकांनी बघून दिली. त्यांच्याकडे लॅपटॉपला यूएसबीने लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह होता, त्याने डीव्हीडी आणि व्हीसीडी दोन्ही व्यवस्थित वाचल्या, सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. रुखवताच्या टेबलापाशी आई कोणालातरी हात करून बोलावते तेवढा भाग बाबांनी तीनदा मागे नेऊन बघितला. ब्लू-रे तशाच पडल्यात, त्यांचं अजून काही केलं नाही.

कालच्या नवीन जाहिरातीचेही स्क्रीनशॉट घेतलेत, परवा सगळं घेऊन परत चौकीत जाणार आहे. ॲपवर तक्रारही टाकली आहे. तोवर पुण्यात कोणाला पीएस४ च्या फोटोत मागे मोरांचा निळा पडदा दिसला तर टोकन म्हणून एक रुपयाही टाकू नका, आणि यातच कोणाचे पैसे आधीच गेले असतील तर मला मेसेज करा, आपण एकत्र अर्ज देऊ.